सुकतीच्या वेळा धरून : मालवणचे सागरी अभयारण्य

मालवणच्या सागरी अभयारण्याला कमान नाही, फाटक नाही आणि आत शिरल्याची जाणीव करून देणारी कोणतीही ठळक खूण नाही. १९८७ साली घोषित झालेले हे राज्यातील पहिले सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचे आहे. त्यातील ३.१८ चौरस किलोमीटरच्या गाभाक्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या आसपासची पाण्याखालची खडपे, म्हणजे खडक, येतात, आणि उरलेले परिघक्षेत्र मालवणच्या किनाऱ्याला बिलगून पसरले आहे. किल्ला पाहायला, पॅरासेलिंग करायला किंवा ताजी मासळी खायला येणारे बहुसंख्य पर्यटक या अभयारण्यातून जातात-येतात, पण आपण एका संरक्षित क्षेत्रात होतो हे त्यांना परत जाईपर्यंत कळत नाही. आम्हाला मात्र हे अभयारण्य म्हणूनच पाहायचे होते, त्यामुळे सहलीच्या तारखा सुट्ट्यांवरून न ठरवता तिथींवरून ठरवल्या.

याचे कारण साधे आहे. समुद्रातील खडपांवरचे जीवन पाहायचे तर ओहोटी, म्हणजे मालवणी भाषेत सुकती, खोल हवी आणि ती उजेडात यायला हवी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत जोरदार असते आणि त्याच दिवसांत पाणी सर्वांत दूर हटते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीच्या आकड्याला तीनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीची वेळ काढतात. तृतीयेला हे उत्तर सव्वादोन येते. मुंबईकडे हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. दक्षिणेकडे भरती काहीशी आधी येत असल्याने मालवणात त्यातून पाऊण तास वजा केला, आणि तेथून सव्वासहा तास मागे गेले, की सकाळी सव्वासातच्या सुमाराची सुकती हाती लागते. सूर्य नुकताच उगवलेला आणि खडपे उघडी, असा योग आम्हाला माघ वद्य तृतीयेला साधायचा होता.

माघ वद्य द्वितीया

रात्रीच्या गाडीने सकाळी कुडाळला उतरलो आणि एसटीने मालवणला पोहोचलो. मुक्कामाचे घर चिवल्याच्या किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. घरच्या वहिनींनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ पुढे केली, त्यानंतर दुपार विश्रांतीत गेली.

चारच्या सुमारास चिवल्यावर रापण लागली होती. ज्यांनी ही मासेमारी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगायला हवे. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात. मग प्रत्येक टोकाच्या दोराला माणसांची एकेक रांग लागते आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ येत जाळे ओढतात. या कामाला यंत्र नाही. मालवणच्या गाबीत समाजाची ही पिढीजात पद्धत आहे, ती संघाने चालते, आणि हाती आलेल्या मासळीचे ठरलेल्या रीतीने वाटे पडतात. त्या दिवशी जाळ्यात मुख्यत्वे पेडवे होते. दोर गुंडाळणारे एक वयस्क काका म्हणाले, "आज पेडवेच गावले, बांगडो खय दिसाक नाय."

अभयारण्याच्या वर्णनात मासेमारीचे काय काम, असे कोणाला वाटेल; पण मालवणमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. अभयारण्य घोषित झाल्यापासून आपल्या पारंपरिक मासेमारीवर गदा येईल, या भीतीने इथल्या मच्छीमारांनी त्याला सातत्याने विरोध केला आहे. दुसरीकडे, किनाऱ्यालगतचे पाणी यांत्रिक नौकांपासून राखून ठेवावे ही मागणीही याच मच्छीमारांची आहे. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याचा आणि पर्ससीन जाळ्यांवर (माशांच्या अख्ख्या थव्याला वेढून घेणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर) २०१६ मध्ये आलेल्या निर्बंधांचा उल्लेख किनाऱ्यावरच्या साध्या गप्पांतही सहज निघतो. रापणीला मासा मिळायचा तर तो किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात यायला हवा, आणि त्याच उथळ पाण्यातील खडपांत व शैवालात माशांची पिल्ले वाढतात. माझ्या मते या अभयारण्याचे सर्वांत जवळचे हितसंबंधी रापणकरच आहेत आणि त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय नकाशावरच्या रेषांना फारसा अर्थ उरत नाही.

रापण किनाऱ्याला टेकू लागली तशी पक्ष्यांची लगबग वाढली. तपकिरी डोक्याचे कुरव डोक्यावर कलकलाट करीत होते. हिवाळ्यात त्यांचे डोके पांढरे असते आणि डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो, त्यामुळे नाव आणि रूप यांचा मेळ लागत नाही. हे पक्षी लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करून इथे हिवाळा काढायला येतात. ब्राह्मणी घारी जाळ्यातून निसटलेला मासा पाण्यावरूनच अलगद उचलत होत्या. गर्दीपासून दूर, ओल्या वाळूवर, चिखल्या पक्ष्यांचा एक लहान थवा लाटेमागे धावत होता, थबकत होता आणि पुन्हा धावत होता. पोरे त्यांच्या मागे पळत नाहीत तोवर हे पक्षी माणसाला बरेच जवळ येऊ देतात. वाळूवर शांत बसून राहिले की दुर्बिणीचीही गरज पडत नाही.

माघ वद्य तृतीया

सकाळी साडेसहालाच रॉक गार्डनच्या खालच्या खडपांकडे निघालो. पायांत घट्ट बांधता येणारे, जुने, रबरी तळव्यांचे बूट होते. ही सूचना महत्त्वाची आहे, कारण खडपांवर कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या, कडा पात्यासारख्या धारदार असतात आणि शैवालाचा थर अतिशय निसरडा असतो. आमच्याआधी तीन-चार बायका तिथे पोहोचलेल्या होत्या आणि हातातल्या कोयतीने कालवे फोडून आतला गर डब्यात जमा करीत होत्या. त्यांतल्या एका मावशींनी आम्हाला आधीच बजावले, "पाणी चडाक लागला की मगे खडपात थांबुचा नाय." त्यांच्या डब्याकडे पाहत आम्ही वेळ ठरवली : त्या उठतील तेव्हा आपणही निघायचे.

पाणी उतरल्यावर खडपांतील खळग्यांमध्ये जे पाणी अडकून राहते, तेच इथले खरे दालन आहे. एका मोठ्या परातीएवढ्या खळग्यापाशी मी बराच वेळ बसलो. पहिल्या दृष्टीला त्यात हिरवट-तपकिरी बुळबुळीत तळ आणि काही शंख यांपलीकडे काहीच नव्हते. डोळा सरावला तेव्हा तो तळ म्हणजे झोअँथिड जीवांची सलग वसाहत असल्याचे लक्षात आले. प्रत्येक जीव शर्टाच्या बटणाहून लहान, मध्यभागी फटीसारखे तोंड आणि कडेने बारीक शुंडकांची झालर. पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या भागातील जीव मिटून चकचकीत गाठींसारखे झाले होते. पाण्यातले मात्र पूर्ण उघडलेले होते. माझ्या हाताची सावली पडताच एका शंखाने एकदम दिशा बदलली, कारण त्यात मूळ गोगलगाय नव्हती, तर शंख वापरणारा खेकडा होता. त्याने डावीकडच्या रिकाम्या शंखाशी जाऊन तोंडाचा घेर नांग्यांनी चाचपला, काही क्षण तिथेच घुटमळला आणि तो शंख सोडून पुढे गेला. किनाऱ्यावरून शंख गोळा करून घरी नेण्याच्या आपल्या हौसेमुळे या प्राण्यांची घरे कमी होतात, ही गोष्ट वाचून माहीत होती, पण ती घरपाहणी डोळ्यांसमोर चाललेली असताना तिचे गांभीर्य अधिक जाणवले.

झोअँथिडना हात लावू नये, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते आणि हातावर जखम असेल तर ते अपायकारक ठरू शकते. खरे तर खळग्यातील कोणत्याच जीवाला उचलण्याची आवश्यकता नसते. दगड उलटा करून पाहिला तर तो पुन्हा होता तसा ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले स्पंज आणि अंडी उन्हात तासाभरातही वाळून जातात.

खळग्यांच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला, सारगॅसम या तपकिरी शैवालाचे दाट झुबके लाटांबरोबर हेलकावत होते. त्याच्या फांद्यांवर हवेने भरलेल्या लहान पुटकुळ्या असतात आणि त्यांच्या आधाराने ते पाण्यात उभे राहते. पावसाळा संपला की ते वाढू लागते आणि हिवाळ्यात या खडपांवर त्याचे अक्षरशः रान होते. त्याखेरीज समुद्री लेट्यूस म्हणतात ते पातळ हिरवे पान आणि पंख्याच्या आकाराचे पाडिनाही सहज ओळखता आले. आठच्या पुढे मावशींनी डबे उचलले आणि आम्हीही मागे फिरलो.

साडेअकराच्या सुमारास, भरती चढत असताना, बंदरातून होडीने सिंधुदुर्गाकडे गेलो. कुरटे बेटावरील या किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली आणि काम १६६७ मध्ये पूर्ण झाले. शिवराजेश्वराचे दर्शन घेतले, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावरच्या गोड्या विहिरी पाहिल्या आणि मोजक्या वेळात परतलो, कारण त्या दिवसाचे मुख्य काम किल्ल्याच्या तटाबाहेर होते.

किल्ल्याभोवतीच्या खडपांवर प्रवाळ आहेत. लक्षद्वीपच्या तुलनेत इथले पाणी गढूळ असते. नद्यांनी आणलेला गाळ, लाटांची उसळी आणि पावसाळ्यातील गोड्या पाण्याचा लोंढा या साऱ्यांना तोंड देत जे प्रवाळ टिकले तेच इथे दिसतात. स्नॉर्केलिंगसाठी आलेले होडीवाले काका आमच्यापेक्षा निवांत होते. "वायच थांबा, पाणी निवळला की सगळा दिसतला," असे म्हणून त्यांनी होडी बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपाला, बांधली. नांगर थेट खडपावर टाकला तर त्याच्या एका ओढीत कित्येक वर्षांची वाढ मोडते, म्हणून बोया वापरणाऱ्याच होडीने जावे, अशी माझी प्रत्येकाला विनंती आहे.

पाण्यात चेहरा घातला तेव्हा सुरुवातीला हिरवट धूसरपणाखेरीज काही दिसेना. काही मिनिटांनी खाली पोरायटीस प्रवाळाची एक घुमटाकार वसाहत स्पष्ट झाली. रंग फिकट पिवळसर तपकिरी, पृष्ठभाग दुरून गुळगुळीत आणि जवळून असंख्य बारीक छिद्रांचा. यातील प्रत्येक छिद्रात एक प्राणी राहतो, आणि त्याच्या ऊतींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला प्रकाशसंश्लेषणातून अन्न पुरवते. पाण्याचे तापमान नेहमीपेक्षा अधिक काळ चढे राहिले की हे शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरे पडतात आणि उष्णता ओसरली नाही तर उपाशी मरतात. पोरायटीसची वाढ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर होते. आमच्याखालचा घुमट गुडघ्याएवढा उंच होता, म्हणजे त्याची सुरुवात आमच्यापैकी कोणाच्याही जन्माआधीची असणार. त्याच्या आडोशाने काळ्या पट्ट्यांचे लहान मासे घोटाळत होते, एक फुलपाखरू मासा खडपाच्या फटीत आत-बाहेर करीत होता आणि कपारींत लांब काट्यांचे काळे समुद्री साळू बसलेले होते.

पाण्यात उतरताना अंगाला सनस्क्रीन चोपडण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला होता. सनस्क्रीनमधील काही रसायने प्रवाळांना घातक असतात. शिवाय पोहण्याचा अनुभव नसेल तर खडपावर उभे राहण्याचा मोह होतो आणि तो मात्र कटाक्षाने टाळायला हवा. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडाही खिशात घालणे योग्य नाही.

माघ वद्य चतुर्थी

तारकर्ली ओलांडून देवबागला गेलो. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, यांच्यामध्ये देवबागची अरुंद पट्टी दक्षिणेकडे निमुळती होत संगमापर्यंत जाते. समुद्राच्या बाजूने किनारा धुपत असल्याने दगडी बंधारे घातलेले आहेत आणि काही ठिकाणी माडांची मुळे उघडी पडली आहेत. संगमावरच्या वाळूच्या बेटाकडे जलक्रीडेची मोठी गर्दी असते. तिथे थांबलो नाही.

सकाळी लवकर डॉल्फिन पाहण्यासाठी निघालो. इथे प्रामुख्याने दिसतात ते हंपबॅक डॉल्फिन, ज्यांच्या पाठीवर उंचवट्यावर बसवल्यासारखा लहान पर असतो. ते खोल समुद्रात न जाता किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखाशी राहतात, त्यामुळे माणसाच्या सर्व उद्योगांचा त्रास त्यांना थेट पोहोचतो. जागतिक पातळीवर ही जात धोक्यात आलेली मानली जाते. खाडीच्या मुखाबाहेर अर्ध्या तासाने एक पाठ वर आली, मग दुसरी, आणि त्यांच्या मध्ये एक लहानशी, अधिक करडी पाठ. त्यांचा श्वास सोडल्याचा फुस्स असा आवाज इंजिन बंद असल्यानेच ऐकू आला.

दुर्दैवाने हे फार वेळ टिकले नाही. पर्यटकांनी भरलेल्या इतर नौका चहूबाजूंनी वेगाने आल्या, एकीने तर थेट त्या कळपाच्या वाटेत वळण घेतले, आणि डॉल्फिन बुडी मारून दूर निघून गेले. पिल्लू सोबत असलेल्या मादीला असे वारंवार पळवणे हा छळ आहे, आणि त्याला होडीवाल्यांइतकेच "अजून जवळ घ्या" असा हट्ट धरणारे प्रवासीही जबाबदार आहेत. आमच्या होडीवाल्याने इंजिन सुरू केले नाही, याबद्दल उतरल्यावर आम्ही त्याचे मनापासून आभार मानले. चांगल्या वागणुकीला गिऱ्हाईक आहे, हे त्यांना दिसत राहिले पाहिजे.

दुपारनंतर कर्ली खाडीत वल्ह्याच्या होडीने आत गेलो. पाणी शांत होते, काठाला तिवरे आणि त्यांच्यामागे माडांच्या बागा. एका उंच झाडाच्या शेंड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बसलेला होता. हा पक्षी मोठी, जुनी झाडे निवडून तिथेच वर्षानुवर्षे घरटे वाढवत राहतो, आणि माशांबरोबर समुद्रसर्पही खातो. किनाऱ्यावरची जुनी झाडे रिसॉर्टसाठी तोडली जातात तेव्हा या गरुडाला पर्यायी जागा सापडणे सोपे नसते. पुढे एका वाळूच्या उंचवट्यावर होडीवाल्याने ओले, बोटांमध्ये पडदा असलेले ठसे आणि माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दाखवली. ती पाणमांजराची होती. प्रत्यक्ष प्राणी दिसला नाही, पण खाडी अजून त्याला पोसते आहे हे कळले.

माघ वद्य पंचमी

शेवटच्या दिवशी अभयारण्याची हद्द सोडून वेंगुर्ल्याला गेलो. अभयारण्याच्या खडपांत वाढणाऱ्या कित्येक माशांचे आणि खेकड्यांचे बालपण खाड्यांतील कांदळवनात जाते, त्यामुळे हा भाग न पाहता परतणे अपुरे वाटले असते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून कांदळवन सफर चालवतात. होडी वल्ह्याची असते, त्यामुळे पक्षी उडत नाहीत. सफरीची वेळ भरतीप्रमाणे बदलते. आमची दुपारी तीननंतर, भरती पूर्ण होऊन पाणी नुकते उतरू लागले तेव्हाची होती.

वल्हे मारणाऱ्या ताई वल्ही न थांबवता झाडे दाखवत होत्या. कांदळाची फांद्यांवरून खाली आलेली आधारमुळे, तिवराची चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे आणि मारांडीची काटेरी पाने. तिवराचे एक पान त्यांनी उलटे करून चाखायला दिले. पानावर मिठाचे कण होते. मुळांवाटे आत आलेले मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकते. कांदळाची शेंग झाडावर असतानाच रुजते आणि हिरव्या लांब काडीसारखी लोंबते. खाली पडली की चिखलात रुतून उभी राहते किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जाते. एका वळणावर पाण्यावर पांढऱ्या तंतूंचे पुंजके तरंगत होते. ते चिप्पीच्या फुलांतील पुंकेसर होते. चिप्पीचे फूल रात्री उमलते, वटवाघळे आणि पतंग त्यावर येतात, आणि सकाळपर्यंत पुंकेसर गळून पडतात. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला.

पाणी उतरू लागताच काठाचा चिखल उघडा पडला आणि निवट्या, म्हणजे चिखलात वावरणारे लहान मासे, दिसू लागल्या. डोक्यावर वर आलेले डोळे, पुढच्या परांवर रेलून चिखलातून चालणे, आणि दुसरी निवटी जवळ आली की पाठीवरचा पर ताठ करून उभारणे, हे सारे वल्ह्याच्या अंतरावरून पाहता आले. त्यांच्या शेजारी एक नांगी अवाढव्य असलेले नर खेकडे बिळांच्या तोंडाशी ती नांगी वर-खाली हलवीत होते. खंड्या दोनदा चमकून गेला. ताईंनी सांगितले की सफर सुरू झाल्यापासून गावातल्या पोरांचे कांदळवनात कचरा टाकणे बरेच कमी झाले आहे, आणि कुठे तोड दिसली तर गटातल्या बायकाच आधी विचारायला जातात.

या सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चपासून ऊन असह्य होते, आणि पावसाळ्यात किल्ल्याकडच्या होड्या व स्नॉर्केलिंग दोन्ही बंद असतात. खडपे पाहायची असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तृतीया धरून मुक्काम ठरवावा. कांदळवनासाठी भरतीची वेळ बचत गटाला आधी फोन करून विचारावी. गट लहान आहे आणि एका भरतीत मोजक्याच फेऱ्या होतात, त्यामुळे शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी गेल्यास ताईंना प्रत्येक झाडापाशी थांबायला उसंत मिळते.